न पाहिलेल्या मालिकेचे चाहते

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेपुरता, आणि तोही फारसा मानाचा नव्हता. त्यामुळे विज्ञान मालिकांचे चाहते कसे तयार होतात, या विषयावर बोलायला बोलावणं आलं तेव्हा मी म्हणालो, हे काम एखाद्या प्राध्यापकांना द्या. मग आठवलं. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली आणि नवनव्या रूपांत अजून चाललेली 'स्टार ट्रेक' नावाची मालिका आहे. तिचे जगभर चाहते आहेत. तसे तीसएक चाहते एके काळी आमच्या नामपुरातही होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही ती मालिका पाहिलेली नव्हती. हे कसं घडलं ते मला ठाऊक आहे, कारण त्यात माझा हात होता. म्हणून आलो.

नामपूर बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी. कांद्याचं आणि डाळिंबाचं गाव. हीच मोसम पुढे मालेगावात जाते आणि गिरणेला मिळते. माझं आजोळ मालेगावात. सुट्टी लागली की एस.टी.ने मी मामूंकडे जायचो. मामूंच्या थोरल्या मुलाला आम्ही सगळे भाईजान म्हणायचो. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आठवीत शाळा सोडून मागावर लागलेला. बहुतेक रात्रपाळी.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. गल्लीत टीव्ही एकच, एका मागवाल्या शेठच्या घरी. ब्लॅक अँड व्हाइट. आत घरची मंडळी, उंबऱ्यावर ओळखीची पोरं, आणि उरलेले आम्ही खिडकीच्या गजांना लटकलेले. भाईजान रात्रपाळी संपवून थेट तिथेच यायचा. केसांत, भुवयांवर रुई. चहा नाही, नाश्ता नाही. आधी खिडकी.

आता गंमत ऐका. मालेगावात मागांना सुट्टी शुक्रवारी. म्हणजे रविवारी सकाळी सगळा मोहल्ला खडखडत असायचा. पावरलूमचा आवाज ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना सांगतो, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. त्यात मालिका इंग्रजी. म्हणजे आवाज ऐकू आला असता तरी कळला नसता, आणि कळला असता तरी ऐकू आला नसता. आम्हाला दिसायची ती नुसती चित्रं. एक पांढरं जहाज आकाशात चाललंय. एक कप्तान. एक डॉक्टर, जो सारखा चिडतो. आणि टोकदार कानांचा एक माणूस, जो कधीच चिडत नाही. माणसं एका चौथऱ्यावर उभी राहतात आणि साखर पाण्यात विरघळावी तशी विरघळतात.

भाग संपला की भाईजान सांगायचा, काय झालं ते. पार नदीपर्यंत चालत जाऊन सांगायचा. आम्ही जे पाहिलं तेच त्यानेही पाहिलेलं असायचं, पण त्याच्याकडे गोष्ट असायची आणि आमच्याकडे नसायची. टोकदार कानांच्या मिस्टर स्पॉकला तो 'कानवाला' म्हणायचा. जहाजावरची माणसं पाळी बदलतात, बटणं दाबतात, कप्तानाच्या खुर्चीकडे बघतात, हे त्याला आपल्या कारखान्यासारखं वाटायचं. फरक एवढाच, तो म्हणायचा, की यांचा शेठ यांच्याबरोबर जहाजात बसतो.

एका भागात जहाजभर केसाळ गोळे होतात. डब्यात गोळे, खुर्चीत गोळे, कप्तानाच्या डोक्यावर गोळ्यांचा ढीग कोसळतो. भाईजानने सांगितलं, ही रुई आहे. जहाजाच्या खिडक्या उघडत नाहीत ना, म्हणून रुई आतच भरत जाते. कप्तानाला कळत नाही, डॉक्टरला कळतं. दुसऱ्या एका भागात खाणीच्या बोगद्यात दगडासारखं एक जनावर फिरतं, माणसं मारतं. कानवाला त्याच्या अंगाला हात लावतो आणि त्या न चिडणाऱ्या माणसाचा चेहरा वेदनेने पिळवटतो. भाईजान म्हणाला, "वो माँ है. वो जो गोल गोल पड़े थे ना, बच्चे हैं उसके."

सुट्टी संपली की हे सगळं घेऊन मी नामपूरला यायचो आणि शाळेतल्या पोरांना सांगायचो. भाईजानची उर्दू मी मराठीत आणायचो, मधे मधे गावची अहिराणी यायची. जिथे मला आठवायचं नाही तिथे मी माझं घालायचो. तो माझा पहिला वाङ्मयीन उद्योग. पोरं विचारायची, "मंग काय व्हयनं?" या एका प्रश्नावर मी पुढे आयुष्य काढलं म्हटलं तरी चालेल. वर्गातल्या एका पोराने वहीच्या पुठ्ठ्याचे टोकदार कान केले आणि गुरुजींचा मार खाल्ला. ज्याने मालिका पाहिली नाही, तो तिच्यासाठी मार खातो. याला चाहता नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं?

पुष्कळ वर्षांनी मी वाचायला लागलो तेव्हा कळलं, की ही मालिका अमेरिकेतही सरळ रस्त्याने लोकांपर्यंत गेली नव्हती. तिचा पहिला नमुना-भाग वाहिनीने नापसंत केला. फार डोकं चालवावं लागतं, अशी तक्रार. दुसरा करून घेतला. स्पॉकच्या कानांची वाहिनीला भीती वाटत होती, सैतानासारखे दिसतात म्हणून. जाहिरातीच्या पुस्तिकेत त्याच्या फोटोवर ब्रश फिरवून कान आणि भुवया साध्या केल्या होत्या. आणि ते विरघळणं? आम्हाला ती सगळ्यात मोठी करामत वाटायची. प्रत्यक्षात दर आठवड्याला नव्या ग्रहावर जहाज उतरवून दाखवायला पैसे नव्हते, म्हणून माणसं विरघळवली. गरिबीतून निघालेली युक्ती. भाईजानला हे फार आवडलं असतं.

मालिकेला प्रेक्षक बेताचे. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा कॅलिफोर्नियातलं ट्रिंबल नावाचं एक जोडपं कामाला लागलं. त्यांनी जमतील तेवढे पत्ते गोळा केले आणि लोकांना सांगितलं, वाहिनीला पत्र लिहा. हजारो पत्रं गेली. १ मार्च १९६८ रोजी भाग संपल्यावर वाहिनीला जाहीर करावं लागलं, की मालिका चालू राहील, आता कृपा करून पत्रं पाठवू नका. त्यावर लोकांनी आभाराची पत्रं पाठवली. इतकं करून वाहिनीने तिसऱ्या वर्षी वेळ दिली ती शुक्रवारी रात्री दहाची. तरुण पोरं घरात नसतात ती वेळ. १९६९च्या जूनमध्ये मालिका बंद पडली. एकोणऐंशी भाग, तीन वर्षं. खेळ खलास.

आणि खरे चाहते झाले ते यानंतर. लहान लहान स्थानिक केंद्रांनी ते जुने भाग घेतले आणि संध्याकाळच्या वेळी रोज लावायला सुरुवात केली. शाळेतून आलेली मुलं, कॉलेजातली पोरं मधूनच कुठला तरी भाग बघायची. आधीचं चुकलेलं असायचं. मग ते दुसऱ्याला विचारायचं. १९७२च्या जानेवारीत न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं, काही शे माणसं येतील अशा हिशेबाने. आली तीनएक हजार. म्हणजे बंद पडलेल्या मालिकेला जमलेली माणसं चालू मालिकेला वाहिनीने धरलेल्या हिशेबात कधी नव्हतीच. याआधीच, १९६७ साली, स्पॉकच्या नावाचं एक हस्तलिखितासारखं नियतकालिक चाहत्यांनी काढलं होतं. या कामात बायका पुढे होत्या. मालिकेत जे दाखवलं नाही ते त्या लिहायच्या. स्पॉक घरी काय करतो, त्याची आई त्याच्याशी काय बोलते. नामपुरात मी जे करत होतो तेच. त्यांनी ते छापलं, आम्ही नदीवर सांगितलं.

मला वाटतं, गुपित या मोकळ्या जागेत आहे. सगळं दाखवलं, सगळं समजलं, की माणूस प्रेक्षक होतो. थोडं राहून गेलं, की तो शेजारच्याला विचारतो, आणि विचारायला शेजारी मिळाला की चाहता होतो. एकटा माणूस आवड ठेवू शकतो. चाहता व्हायला दुसरा लागतो.

इंग्लंडातलं उदाहरण याहून विलक्षण आहे. 'डॉक्टर हू' ही तिकडची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. आदल्या दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झालेली, कोणाचं लक्ष नव्हतं, म्हणून पुढच्या आठवड्यात पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. या पहिल्या कथेचा दिग्दर्शक कोण? वारिस हुसेन. वय चोवीस, जन्म लखनौचा. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, तीही तरुण आणि बाई. त्या काळच्या बीबीसीत दोघेही जरा उपरेच. ही मालिका १९८९पर्यंत चालली, मग थांबली, २००५ साली पुन्हा उठली.

मधल्या काळात एक अनर्थ झाला होता. जुन्या टेपा जागा अडवतात म्हणून साठच्या दशकातले पुष्कळ भाग पुसून टाकले गेले. आजही नव्वदहून अधिक भागांची चित्रं मिळत नाहीत. पण आवाज मिळतो, प्रत्येक भागाचा. कारण घरोघरी काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो आवाज भरून ठेवला होता. पुढच्या पिढ्या हे आवाज ऐकत आणि त्या कथांची पुस्तकं वाचत त्या हरवलेल्या भागांच्या चाहत्या झाल्या. त्यांच्याकडे आवाज होता, चित्र नव्हतं. मालेगावात आमच्याकडे चित्र होतं, आवाज नव्हता. दोन्हीकडे उरलेला अर्धा भाग माणसांनीच भरला.

आता आपल्या मराठीकडे येतो. आपल्याकडे अशी साठ वर्षांची मालिका झाली नाही. पण दिवाळी अंक नावाची एक वार्षिक सोय होती, आणि तिच्यातून एका लेखकाच्या विज्ञानकथांची वाट पाहणारे वाचक तयार झाले. मला ते मालिकेच्या चाहत्यांचेच भाऊ वाटतात. लेखक अर्थातच जयंत नारळीकर.

त्यांची सुरुवात तर एखाद्या गोष्टीसारखीच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून हे सोंग. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या, मंगलाताईंच्या हस्ताक्षरात उतरवून पाठवलेली. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वाच्या उत्पत्तीवर काम केलेला माणूस मराठीत गोष्ट लिहितो, आणि ती नवख्यांच्या रांगेत उभी करतो. १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला.

आमच्या गावच्या वाचनालयात तो संग्रह होता. आता तुम्ही म्हणाल, पोरांना रुई आणि कानवाला आवडत होता, त्यांना कृष्णविवर कसं आवडलं? मलाही प्रश्न पडला होता. उत्तर असं आहे, की नारळीकरांच्या कथेत शिरायला एक ओळखीचं दार असायचं. 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. गणपती घरोघरचा. सोंड उजवी की डावी यावर बोलायला आमच्या गावात कोणालाही पदवी लागत नव्हती. त्यात एक क्रिकेटपटू. आणि मग लेखक हळूच विचारतो, की आरशात दिसतो तसा माणूस खरोखरच झाला तर? इथे वाचक सापडला. 'धूमकेतू'मध्ये पृथ्वीवर धूमकेतू आदळणार असतो. शास्त्रज्ञ गुपचूप उपाय करतात, संकट टळतं, आणि घरची मंडळी म्हणतात, आपण शांत केली म्हणून टळलं. हा संवाद तर प्रत्येक घरात होतो, धूमकेतू नसला तरी.

पण मी त्यांचा चाहता झालो तो 'गंगाधरपंतांचे पानिपत'मुळे. अनेकांनी तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकात वाचलं असेल. इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे अपघात होऊन दुसऱ्याच एका जगात जातात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, नुसती चाटून गेलीय, आणि मराठे जिंकलेत. मुंबईच्या वाचनालयात बसून ते तो दुसरा इतिहास वाचतात. मी ती कथा वाचली तेव्हा माझ्या मनात विश्वासराव नव्हते, इब्राहीमखान गारदी होता. भाऊसाहेबांच्या तोफखान्याचा सरदार. पानिपत हरल्यावर पकडला गेला, मारला गेला. शाळेत पानिपताचा धडा आला की वर्गातली पोरं माझ्याकडे वळून बघायची, अब्दाली जसा काही आमच्या गल्लीत राहत होता. मी मनातल्या मनात इब्राहीमखान पुढे करायचो. नारळीकरांच्या दुसऱ्या जगात मराठे जिंकले, म्हणजे तिथे इब्राहीमखान वाचला असणार! तो पुण्याला परत आला असेल. त्याच्या नावाचा चौक असेल. कथेत यातलं काही नाही. मी घातलं. वाचनालयाच्या बाकावर बसून मी ते इतकं रंगवलं, की अब्बा शोधायला आले.

'स्टार ट्रेक'मध्येही एक खान आहे बरं का. खान नूनियन सिंग. नाव अर्धं आमचं, अर्धं शिखांचं. मालिकेत त्याला उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख म्हटलंय, आणि काम केलंय मेक्सिकोच्या रिकार्डो मोंटाल्बान यांनी. तीनशे वर्षं पुढचं जग, पृथ्वीवरची भांडणं मिटलेली, आणि खलनायक खान! भाईजानला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. "वहाँ भी?" म्हणाला.

ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, आहेही. आपल्यासारखं कोणी जहाजात आहे का, हे प्रत्येक जण आधी शोधतो. जहाजावर उहुरा नावाची एक कृष्णवर्णीय अधिकारी होती. ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडून जायला निघाल्या होत्या. त्यांनीच सांगून ठेवलंय, की एका समारंभात मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, मी तुमचा चाहता आहे, तुम्ही सोडायचं नाही. किंग यांना त्या जहाजात काय दिसलं असेल हे मला पानिपताच्या धड्यामुळे कळतं.

आणि ज्यांना जहाजात जागा मिळत नाही, ते आपलं जहाज बांधतात. मालेगावच्या पोरांनी काय केलं ते आता सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओ पार्लरमध्ये सिनेमे बघून बघून नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे मालेगावचा सुपरमॅन उडवला, त्या उद्योगावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला, आणि २०२५ साली त्या मंडळींवर मोठा हिंदी चित्रपटही आला. मागावर काम करणारा, हडकुळा सुपरमॅन. लोकांना त्याची मौज वाटली. मला नवल वाटलं नाही. मी भाईजानच्या खिडकीतून आलेलो.

इथपर्यंत मी फार शहाण्यासारखं बोललो. आता माझं एक वेड सांगतो.

२००८-०९च्या सुमाराला नाशिकला एका मित्राकडे 'स्टार ट्रेक'च्या जुन्या भागांच्या डीव्हीडी मिळाल्या. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. महिना-दीड महिना मी रात्री जागून सगळे भाग पाहिले. रंगीत! स्पॉकचा डगला निळा आहे हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. आणि हेही कळलं, की भाईजानने सांगितलेल्या गोष्टी जवळजवळ सगळ्या चुकीच्या होत्या. ती रुई नव्हतीच. ते 'ट्रिबल' नावाचे छोटे प्राणी. खायला घातलं की वाढतात, मांजरासारखे गुरगुरतात. तो भाग विनोदी आहे.

त्या ईदला मी मालेगावला गेलो. घर भरलेलं. भाईजानची मुलं, सुना. कोणीतरी जुनी आठवण काढली आणि भाईजानने ती रुईची गोष्ट सुरू केली. मी मधेच तोडलं. म्हणालो, भाईजान, मी सगळे भाग पाहिलेत, तसं काहीच नाही त्यात. आणि एकेक भाग घेऊन कुठे काय चुकलं ते सांगत बसलो. बी.ए. झालेला माणूस, दोन कवितासंग्रह, पोरांसमोर ऐट. मुलं हसली. भाईजानही हसला. मग त्याने एकच विचारलं, "वो पत्थरवाली? वो माँ थी ना?"

ती मात्र आईच होती. त्या भागात ते दगडी जनावर खरोखरच आपली अंडी राखत असतं, आणि खाणकामगार न कळून ती फोडत असतात. आवाज नाही, भाषा नाही, आणि खिडकीच्या गजांतून नुसता स्पॉकचा चेहरा बघून मागावरच्या एका पोराने ते ओळखलं होतं. मी म्हणालो, हो, ती बरोबर होती. तो "अच्छा" म्हणाला आणि चहाचं बघायला आत गेला.

त्यानंतर त्याने मला कधी गोष्ट सांगितली नाही. भांडण नाही, अबोला नाही. शीरखुर्मा तसाच, मिठी तशीच. गोष्ट मात्र बंद. मी ज्याला चूक म्हणालो ती त्याची अर्धी बाजू होती, हे कळायला मला आणखी दहा वर्षं लागली. तोवर त्याची छाती भरली होती. जन्मभर रुईत काम केलेल्या माणसाची भरते तशी. डॉक्टरांनी त्याला मागाकडे फिरकायचं नाही म्हणून सांगितलं, आणि तो खिडकीजवळच्या खाटेवर आला. मी भेटायला गेलो की ती खिडकी उघडी आहे ना, एवढं आधी बघायचो.

शेवटच्या वर्षातली एक भेट. दुपारची वेळ, शुक्रवार, माग बंद, सगळा मोहल्ला शांत. त्याचा श्वास ऐकू येत होता. एकाएकी त्याने विचारलं, "वो कानवाले का आगे क्या हुआ रे?"

मी सांगितलं, की पुढे सिनेमे निघाले. १९८२च्या सिनेमात तो खान परत येतो, सूड घ्यायला. जहाजाचं इंजिन बिघडतं. ते दुरुस्त करायला जिथे जायचं तिथे गेला तो जिवंत राहत नाही. कानवाला जातो. जहाज वाचतं. काचेच्या पलीकडे तो मरतो, अलीकडे कप्तान उभा. मी हे सांगितलं आणि वाटलं, हे कुठे सांगत बसलो.

भाईजानने मान हलवली. "नहीं," म्हणाला, "लौटा होगा वो."

त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोनच वर्षांनी, १९८४ साली पुढचा सिनेमा आला होता, तो सगळा स्पॉकला परत आणण्याचाच होता. तो मी पाहिलेला होता. कसा परत येतो, कोण आणतं, कुठल्या ग्रहावरून, मला सगळं ठाऊक होतं.

मी विचारलं, "कैसे लौटा, भाईजान?"

त्याने पाठीमागची उशी जरा वर घ्यायला सांगितली, आणि सुरू केलं.